विसळलेला पेला

४ जानेवारी
मुलीच्या घरी येऊन महिना झाला. प्रकृती उत्तम. माझ्या पत्नीला दुधातून विष दिल्याच्या आरोपातून वरच्या न्यायालयाने मला निर्दोष मुक्त केले — विष नव्हतेच, तिचे हृदय थांबले होते — हे आता शेजाऱ्यांनाही ठाऊक आहे. समोरचे गृहस्थ आज आपण होऊन म्हणाले, "या ना सर, टेका घटकाभर!" टेकलो. समाधान वाटले.

९ जानेवारी
सकाळचा चहा मीच करतो. मात्र कपात ओतला की सर्वांदेखत पहिला घोट मी घेतो. त्याखेरीज कोणापुढे कप ठेववत नाही. जावई म्हणाला, "बाबा, चाखण्यातच संपवणार की काय? आमच्या वाटणीचा ठेवा की!" सगळे हसलो. मुलगी थोडी उशिरा हसली.

१५ जानेवारी
मुलगी माझे फार करते. जेवण गरम वाढते, गार पाण्याने अंघोळ केली तर दटावते. तक्रारीला जागा नाही. केवळ एक — ती आईचा विषय काढत नाही. मला दुखू नये, हाच हेतू असावा. परंतु आमच्या हिच्याविषयी बोलायला मला दुसरे कोण आहे? आजवर ज्यांनी विचारले ते पोलीस अथवा वकील! पत्नीचे दुःख करण्याची मला सवडच मिळाली नाही. मुलीसमवेत एकदा ते करता यावे, एवढीच इच्छा उरली आहे.

१६ जानेवारी
विषय निघाला नाही.

२२ जानेवारी
निघाला! भांडी पुसता पुसता तिनेच विचारले, "त्या दुपारी नक्की काय झालं, बाबा?"
मी उठून उभा राहिलो, हात मागे बांधले आणि आरंभ केला — "दुपारच्या सुमारास मी मयतास दूध दिले..."
ती ओरडली, "मयत काय! आई होती ती माझी. आणि बसा आधी. जबाब देऊ नका, सांगा!"
बसलो. सांगितले. दूध पिऊन हिने पेला माझ्या हाती दिला आणि म्हणाली, "लगेच विसळा हं. साय वाळवून ठेवलीत तर घासायला तुम्हालाच बसवीन!" मी विसळायला गेलो. परतलो, तेव्हा ही गेलेली होती.
त्या विसळण्यालाच सरकारी वकिलांनी पुरावा नष्ट करणे म्हटले. 'पेला अस्वच्छ राहू नये म्हणून', एवढेच उत्तर मी दिले. बायकोची बोलणी परक्यांपुढे सांगणे मला प्रशस्त वाटले नाही.
मुलगी हसत सुटली. "अगदी आईच!" म्हणाली. मग रडली. मीही रडलो — तिच्या खांद्यावर, हातातल्या ओल्या फडक्यासकट!

२३ जानेवारी
सकाळी ती म्हणाली, "निकाल लागला तरी मला वाटायचं, बाबा, तुम्हीच केलंत. अगदी कालपर्यंत."
हातातला कप खाली ठेवला. मग विचारले, "तरीही मला घरी का आणलेस?"
"काय करणार! दुसरे बाबा कुठे होते मला?"