मशेरीची ओळ

सर, तुमच्या नावाने विभाग स्मरणग्रंथ काढतोय. "त्या सर्वेक्षणातल्या तुम्हीच उरलात, दोन पानं द्या," असा फोन आला. मी लगेच हो म्हटलं. याचीच वाट पाहत होते मी. तुमच्या हार घातलेल्या फोटोखाली, तुमच्याच विद्यार्थ्यांच्या डोळ्यांदेखत, तुमचे वाभाडे काढायचे होते.

नव्वदनंतरची ती वर्षं. हृदयाच्या रक्तवाहिन्या कशाकशाने चोंदतात, ते तुम्हाला सुरतेतल्या मजूर वस्त्यांत शोधायचं होतं. मला अहिराणी येते म्हणून भेस्तानची लूम कामगारांची घरं माझ्याकडे दिलीत. रक्तदाब मोजायचा, तेल-मीठ विचारायचं, विडी-सिगारेट विचारायचं. बायका हसायच्या. "बिडी मना नवरा पेस ताई, मनासाठे काय उरस?" हसताना त्यांचे काळे दात दिसायचे. तव्यावर तंबाखू भाजून केलेली मशेरी त्या दातांना लावायच्या आणि कितीतरी वेळ तोंडात धरून कामं करायच्या. फॉर्मवर मात्र सगळ्या निर्व्यसनी. म्हणून मी समासात पेन्सिलीने 'मशेरी' लिहीत गेले.

बैठकीत तुम्ही माझे फॉर्म उंच धरलेत. "हे काय?"

"तंबाखूच आहे सर ती. एक ओळ वाढवायला हवी."

"'इतर सवयी' अशी ओळ होती. सुरुवातीला तुम्ही सगळ्यांनी आपापल्या घरी सरावाचे फॉर्म भरलेत, त्यात एकानेही तिथे काही लिहिलं नाही, म्हणून काढली. आता काय दात घासण्यावर संशोधन करू? कॉन्व्हेंटच्या ना तुम्ही? विचारलंय तेवढंच लिहावं, शिकवलं नाही सिस्टरांनी?"

सगळे हसले. तुम्ही खोडरबर माझ्यापुढे सरकवलंत. त्या भरल्या टेबलाशी बसून मी एकेक मशेरी खोडली.

त्याच हिवाळ्यात आईचा जबडा दुखायला लागला. कतारगामच्या आमच्या घराचा जिना चढताना ती मध्येच बसते, गाल धरते, थोड्या वेळाने बरं वाटतं. "छातीत दुखतं का?" मी फॉर्ममधला प्रश्न विचारते. "छातीत नाही गं, दाढ आहे." दुखलं की ती जास्तच मशेरी लावायची. मी तिला दातांच्या डॉक्टरकडे नेलं, त्यांनी दाढ काढली. आठ दिवसांनी कामावरून आले तर जिन्यापर्यंत जळक्या तंबाखूचा वास. गॅसवर तवा लाल झालेला, आई भिंतीला टेकून बसलेली, डोळे उघडे. शेजारच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि हार्ट म्हणाले.

तुम्ही भेटायला आलात. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणालात, "हार्ट कसं असेल? त्यांना कसलंच व्यसन नव्हतं. सरावाचा फॉर्म पाहिलाय मी." सांत्वन म्हणून म्हणालात. तेव्हापासून मी तुमचा मनापासून द्वेष केला. तुमच्या अहवालात बायका निर्व्यसनी ठरल्या, सभागृहात टाळ्या पडल्या, मी हात मांडीवरून उचलले नाहीत. तुम्ही गेलात त्या दिवशी मी घरी शिरा केला, बेदाणे घालून.

दोन पानं लिहून झाली, चांगली झोंबतील अशी. पुरावा जोडावा म्हणून ट्रंक उघडली. सरावाचे फॉर्म तुम्ही नंतर ज्याचे त्याला परत दिले होते. आईचा सापडला. 'इतर सवयी', आणि पुढे माझ्या वळणदार कॉन्व्हेंटी अक्षरात 'काही नाही'.

सर, तुम्हाला मी माफ केलेलं नाही. पेन्सिलीने लिहिलेलं तुम्ही वाचलं होतंत, तरी खोडायला लावलंत. पण ती पानं आता पाठवत नाही. आईचा तो फॉर्म भरताना ती माझ्यासमोर बसली होती, बोट तोंडात घालून. शाळेत पालकांच्या दिवशी मी जिला तोंडावर पदर धरायला लावायचे, तीच आई. माझ्या हातातल्या कागदाकडे कौतुकाने बघत म्हणाली, "मशेरी बी लिखी ले ना व."

तुम्ही वाचाल म्हणून मला लाज वाटली. मी म्हटलं, "आधी तोंड धुऊन ये."