माझे पाय, ओपल आणि डेल्बर्टची होडी

मी, लॉयल हॅगर्टी, छत्रीधारी दलाचा निवृत्त सार्जंट, राहणार फेएटव्हिल, नॉर्थ कॅरोलायना, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय करीत आहे. डोके ठिकाणावर आहे. वकीलबाईंनी ‘शरीराने धडधाकट’ असेही घातले होते, ते मी खोडायला लावले. माजी सैनिकांच्या कार्यालयाने तेवढेच वाचले तर माझ्या पायांच्या भरपाईचे अपील बुडालेच म्हणून समजा.

१. घर, गाडी आणि बँकेतली शिल्लक माझी पत्नी ओपल हिला. अपीलही तिलाच. मी गेल्यावरही तिला ते पुढे चालवता येते, हे कळल्यापासून मी हवेत आहे. ओपल म्हणते, “लग्नात तरी कुठे एवढा खुलला होतास?”

२. माझ्या दोन्ही काठ्या आणि गुडघ्यांचे पट्टे भरपाईसाठी माझे पाय तपासणाऱ्या डॉक्टरांना. त्यांनी “कसं काय, सार्जंट?” विचारताच मी टाचा जुळवून “उत्तम, सर!” म्हणालो आणि कडक चालून दाखवले. अहवालात आले, चाल रुबाबदार. मेले पाय जन्मभर ठणकले आणि नेमके त्या दिवशी शहाण्यासारखे वागले.

३. दोस्त डेल्बर्ट प्रुइट. आम्ही एकाच विमानातून उड्या मारायचो. एकदा मी छत्रीसकट पाइनच्या झाडावर आपटलो, तेव्हा यानेच मला उतरवून पाठुंगळी नेले. दाव्यासाठी तेवढे लिहून दे म्हटले, तर पठ्ठ्याने लिहिले की लॉयल वाघ होता, कधी लंगडला नाही, कधी कुरकुरला नाही. दावा फेटाळला गेला. जाब विचारला तर वर तोंड करून म्हणतो, “उद्या तुझ्या पोरांनी वाचलं असतं तर?” अरे, मला पोरं आहेत कुठे?

माझी मासेमारीची होडी डेल्बर्टला द्यावी. कित्येक वर्षे तिच्यावर त्याचा डोळा आहे. मात्र साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असा कायदा आहे. म्हणून खाली साक्षीदाराची एक जागा मुद्दाम कोरी ठेवून त्याला कॉफीला बोलावले आहे. वेगळ्या कागदावर लिही म्हटले तर तो पुन्हा वाघच लिहील. इथे, माझ्या डोळ्यांदेखत, खरे लिहावे. ते ओपलने अपिलाला जोडावे. मग होडी ओपलच्या भावाला, ज्याला पोहताही येत नाही. नाहीतर गप्प बसून होडी घ्यावी, साक्षीची सही वकीलबाई करतील. मी रागावणार नाही. रागावेन, पण तोवर मेलेलो असेन.

४. मला लष्करी इतमामात दफन करावे, बिगुल हवाच. पण पायांत बूट घालू नयेत. खूप झाले.

फेएटव्हिल, १४ मार्च २०२३
लॉयल हॅगर्टी (सही)

साक्षीदार:
१. रोवीना स्टोक्स, शेजारीण (सही)
२. लॉयलने माझ्यासमोर सही केली. झाडावरून मी त्याला उतरवला त्या दिवसापासून तो लंगडतो. आमच्या तुकडीत सगळ्यांना दिसायचं, बोलायचं कोणी नाही. आजही दार उघडायला आला तो भिंत धरत. होडी त्या मेव्हण्याला द्या.
डेल्बर्ट प्रुइट (सही)