पाचवी खेप

एल्क प्रेअरी, आयोवा
९ सप्टेंबर १९९७

ती. ऑरिनदादास,
व्हर्नाचा सा. न. वि. वि.

ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत तुझा दमा आटोक्यात असेल, असं धरून चालते. इकडची बातमी चांगली नाही. आपल्या कॉलेजचा फुटबॉल संघ या हंगामानंतर बंद. पोरंच मिळत नाहीत. परवा पहिल्या सामन्याला साठ तरी हवी होती, कशीबशी एकतीस जमली, आणि एकतीस गुणांनीच हरली. चर्चमध्ये, दुकानात, जिकडेतिकडे सुतकी चेहरे.

शेवटचा सामना ८ नोव्हेंबरला, आपल्याच मैदानावर, डनमोर कॉलेजशी. तुझी ती पत्र्याच्या पाट्यांची जुनी काठी प्रशिक्षकाला कोठीत सापडली. ती धरायला ऑरिन हॉगनच हवा, दुसरा कुणी नको, असं त्याने मला दोनदा बजावलं. आर्लिसवहिनीला इथे पुरून गेलास, त्याला तीन वर्षं झाली. निदान पाट्यांसाठी तरी ये. खोली झाडून ठेवते.

लोभ आहेच, उत्तर पाठवून तो वाढव.
तुझी,
व्हर्ना

मेसा, ॲरिझोना
२८ सप्टेंबर

चि. व्हर्नास,
अ. उ. आ.

मी येणार नाही. दम्याचं निमित्त सांगणार होतो, पण तू लगेच डॉक्टरला फोन लावशील. तेव्हा खरंच लिहितो.

अठ्ठावन साली आपण डनमोरला तेरा-दहा हरवलं, गावाने रात्रभर चर्चची घंटा बडवली. व्हर्ना, तो सामना आपण जिंकलोच नव्हतो. दहा यार्ड पुढे सरकायला चार खेपा मिळतात, नाहीतर चेंडू समोरच्यांकडे जातो, हे तुला सांगायला नको. खेप संपली की काठीवरची पाटी उलटायची, एकची दोन, दोनची तीन, एवढंच माझं काम. शेवटच्या मिनिटाला दुसरी खेप संपली आणि मी पाटी उलटलीच नाही. पंचांनी माझ्या पाटीवर विश्वास ठेवला. आपल्याला पाच खेपा मिळाल्या, आणि पाचवीला आपला गडी रेषेपार गेला. डनमोरचा कप्तान लाइल ब्रँडव्होल्ड चार बोटं नाचवत घसा फोडून ओरडत होता. मी मान खाली घालून गवत बघत राहिलो.

पाटी का राहिली? मी बँडकडे बघत होतो. तिसऱ्या रांगेत एक मुलगी ट्रोम्बोन वाजवत होती. त्याच संध्याकाळी विजयाच्या नाचात तिच्याशी पहिल्यांदा बोललो, पुढे लग्न केलं, चौतीस वर्षं संसार केला. पण तो विजय चोरीचा होता, हे आर्लिसला सांगायला माझी जीभ कधी रेटली नाही. आता ती काठी हातात घे म्हणू नकोस.

रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.
तुझा दादा,
ऑरिन

एल्क प्रेअरी
११ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

धन्य आहे तुझी! अरे, वहिनीला माहीत होतं. दवाखान्यात शेवटच्या महिन्यात तिनेच मला सांगितलं. तू टक लावून बघतोयस हे पाहून तिचा सूर घसरला होता, आणि बँडमास्तरने असे डोळे वटारले की बास. पाटी दोनवरच राहिलेली तिनेही पाहिली होती. मग त्याला कधी विचारलं का नाहीस, असं मी म्हटलं, तर हसून म्हणाली की राहू दे गं, सांगेल कधीतरी आपणहून. दादा, तिने वाट पाहिली रे. तुला लागेल म्हणून हे तीन वर्षं पोटात ठेवलं.

लाइल ब्रँडव्होल्ड अजून डनमोरच्या प्रत्येक सामन्याला येतो. पाहुण्यांच्या बाजूला सगळ्यात खालच्या बाकावर बसतो, मांडीवर थर्मास. तिला सांगायचं राहिलं, त्याला तरी सांग.

आपली पोरं पाच सामन्यांत चार हरली. एक जिंकली, कारण समोरच्यांची बस वाटेत बंद पडली आणि ते अर्धमेले होऊन पोचले. गावाने तोही विजय साजरा केला. येशील तेव्हा खिमा-राजम्याची चिली आणि दालचिनीचे रोल करीन.

मायेत खोट धरू नकोस.
तुझी,
व्हर्ना

मेसा
१६ नोव्हेंबर

चि. व्हर्नास,
अ. उ. आ.

सुखरूप पोचलो. चार दिवस तुझ्यासमोर बसून रोल हाणले, पण मुद्द्याचं तोंडातून निघालं नाही. मला कागदच लागतो.

चोवीस-सहा हरलो, ते तू पाहिलंसच. एकही पाटी चुकलो नाही, बँडकडे ढुंकूनही बघितलं नाही. शेवटची चौथी खेप फसली, शिट्टी झाली, आपली पोरं गवतावर बसून रडू लागली. तेवढ्यात ब्रँडव्होल्ड नव्या गुडघ्यावर लंगडत माझ्याकडे आला. मी सगळं भडाभडा बोलून टाकलं. तर म्हणतो कसा, मला काय सांगतोस, ती चार बोटं माझीच होती की! मग विचारलं की लेका, तू तेव्हा बघत कुठे होतास? मी ट्रोम्बोनवालीचं सांगितलं. लग्न केलंस का तिच्याशी, म्हणाला. केलं, म्हटलं. मग म्हणाला की असं असेल तर चालेल, दुसरं काही कारण असतं तर तुला सोडला नसता.

माझ्या हातातल्या काठीवर पाटी चारचीच होती. तिच्याकडे बोट करून म्हणाला, आता तरी उलट बाबा. मी उलटली. चारनंतर पुन्हा एक येतो. दोन म्हातारे एका काठीला धरून का रडत होते, असं तू घरी विचारत होतीस, ते यामुळे.

रविवारी मी चर्चला आलो नाही, आर्लिसकडे गेलो होतो. थडग्यावरची पानं बाजूला केली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. तिला ठाऊक होतं, तरीही काही गाळलं नाही. फार वाट पाहायला लावली मी तिला.

लोभ आहे तसाच ठेव, मी पुढच्या शरदात पुन्हा येतोय, संघ असो वा नसो.
तुझा दादा,
ऑरिन

ता. क. काठीवरची दोनची पाटी कोठीत सापडणार नाही. ती माझ्याकडे आहे, आर्लिसच्या फोटोशेजारी. विचारून आणलेली नाही. प्रशिक्षकाला आजच सांगून टाक, आता चाळीस वर्षं थांबायला वेळ नाही.