पहिली सही अर्नेस्टीनची

सॅगिनॉ, १६ ऑगस्ट २००४

चि. मोनिकला मावशीचे अनेक आशीर्वाद.

पत्र नाही, फोन नाही. डॉक्टर व्हायच्या आधीच मावशीला विसरलीस की काय? इकडे काल चर्चच्या दारात आपल्यातलाच एक काळा पोरगा सह्या घेत होता. नागरी हक्कांसाठी आहे म्हणाला, आणि बोलला इतकं गोड की काय सांगू! तुझं मेडिकल डोळ्यांसमोर आलं. पांढरे हातमोजे काढून पहिली सही मीच ठोकली. चर्चमध्ये लोकांना जागेवर बसवणारी मी. मी सही केल्यावर आमच्या बायका मागे राहतात होय? रांगच लागली. माझ्या मैत्रिणीने, ल्युव्हेनियाने तर वाचायला चष्मासुद्धा काढला नाही पिशवीतून. पोराला मी माझ्या हातचं गोड पीच कॉब्लर खाऊ घातलं.

वेळेवर जेवत जा, आणि म्हातारीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी मावशी,
अर्नेस्टीन


ॲन आर्बर, २३ ऑगस्ट २००४

ती. अर्नेस्टीन मावशीस सा. न. वि. वि.

मावशी, कागद वाचलास का गं? नाव हक्कांचं आहे, पण मागणी आहे ती कॉलेजच्या प्रवेशात आणि सरकारी नोकरीत काळ्यांना नि बायकांना मिळणारा आधार काढून टाकायची. सह्या पुरल्या की राज्यभर मतदान होणार, आणि ते मी मेडिकलला अर्ज करेन त्या सुमारास. मी इथे दारोदार फिरून लोकांना सांगते की सही करू नका, आणि माझ्याच घरची सही पहिली! रागावले नाही. खोटं कशाला बोलू, रागावले आहे, पण तुझ्यावर नाही. सही मागे घेता येते का, तेवढं विचार.

कॉब्लर इकडेही पाठव. लोभ आहेच, तो वाढव.

तुझी,
मोनिक


सॅगिनॉ, २० जानेवारी २००६

चि. मोनिकला आशीर्वाद.

सही काही मागे घेता येत नाही, बाई. शेवटी फसवून घेतलेल्या सह्यांची सुनावणी होती, तिला राजधानीत लॅन्सिंगला जाऊन आले. बाहेर एकाने कानात सांगितलं की सही माझी नाहीच म्हणा, लगेच बाद होईल. आत आधी शपथ घेतली. मी फसवणुकीचं सांगायला लागले, तर साहेबांनी विचारलं की वाचता येतं ना, आणि हे अक्षर तुमचंच ना? देवाची शपथ घेऊन खोटं कसं बोलू? माझंच म्हटलं. सही पक्की झाली. खरं बोलून फसले बघ, ना इकडची ना तिकडची.

आमच्या बायका अजून मी दाखवते त्याच बाकावर बसतात. पण माझ्या हातचं प्रार्थनेचं पत्रक आता आधी उलटसुलट करून वाचतात. मला फार लागतं ते.

रागावलीस तरी पत्र बंद करू नकोस.

मावशी


ॲन आर्बर, १२ ऑक्टोबर २००६

ती. मावशीस सा. न.

प्रस्ताव मतपत्रिकेवर आलाच. नीट लक्षात ठेव: 'हो' म्हणजे आधार बंद, 'नाही' म्हणजे चालू. भले भले गोंधळतायत. सगळ्या बायकांना सांग. ल्युव्हेनियामावशी तर तुझ्याशिवाय कुणाचंच ऐकत नाही. माझा अर्ज जायचाय, झोप लागत नाही.

तुझ्या भरवशावर,
मोनिक


सॅगिनॉ, ९ नोव्हेंबर २००६

चि. मोनिकला मावशीचे आशीर्वाद.

'हो' जिंकलं, ते तुला कळलाच असेल निकाल. मी रविवारी एकेका बाकापाशी वाकून सांगितलं होतं, 'नाही'वर खूण करा. बायकांनी मान डोलावली, पण माझ्या डोळ्यांत कुणी बघितलं नाही.

काल ल्युव्हेनिया घरी आली. तिची नात पुढच्या वर्षी तुझ्याच कॉलेजात अर्ज करणार आहे. मोठ्या खुशीत होती. कोट काढायच्या आधीच म्हणाली, "अर्नेस्टीन, तू 'नाही' म्हणालीस ना, म्हणून मी मुद्दाम 'हो' केलं. या वेळी काही मी फसले नाही."

मी तिचा कोट घेतला, खुंटीला लावला आणि तिला कॉफी दिली. तिच्या 'हो'चा खरा अर्थ तू आलीस की तूही तिला सांगू नकोस.

अर्ज मात्र पाठव, पोरी. पाठवच.

तुझीच,
मावशी