सतरा ठिपके

मुंबई, १ मार्च १९७८

ती. लिंबाजीदादास,
सुभद्रेचा सप्रेम जयभीम.

प्रबंध अडला आहे. माझ्या स्फटिकात अणू म्हणजे बारीक चुंबक, तिघातिघांचे त्रिकोण. प्रत्येकाला शेजाऱ्याच्या उलट तोंड करायचं असतं. दोघांचं जमतं, तिसऱ्याचं कधीच नाही. कितीही थंड केलं तरी ते ठरत नाहीत, आणि त्यांच्यातून वाहणारे इलेक्ट्रॉन ठेचकाळतात. थंडीत धातूचा विद्युतरोध उतरावा. इथं शेवटी तो चढतो. आलेखावरचे ते सतरा ठिपके मी तीन-तीनदा मोजले. सर म्हणतात, नमुन्यात भेसळ आहे. ठिपके पुसून आलेख सरळ करायचा, नाहीतर प्रबंधावर त्यांची सही नाही. सोमवारी, तेराला, शेवटची तारीख. झोप उडाली आहे.

आईला नमस्कार. लोभ आटू देऊ नको.
तुझी सुभद्रा


हट्टा, ९ मार्च १९७८

चि. सुभद्रेस अनेक आशीर्वाद.

विहाराच्या ओट्यावर सगळ्यांना जमवून तुझं पत्र वाचलं. म्हटलं, माझ्या माणसांनो, घाम आपला आणि फूटपट्टी दुसऱ्याची, हेच आपण पिढ्यान्‌पिढ्या सोसलं! संपतकाका म्हणाले, “तो तिसरा चुंबक म्हणजे मीच, दोन बायकांच्या मधला.” हशा पिकला. आई मात्र हसली नाही. लेकरू एवढं भिऊन काहून राहिलं, असं तिनं विचारलं.

दुष्काळातलं खडीचं काम आठव. मुकादम ढीग कमी मोजायचा. आई टोपल्यागणिक पदराला गाठ मारायची. आठवड्यानं तिनं भर कामावर पदर पसरून गाठी मोजायला लावल्या. मुकादमाची मान खाली गेली! त्याच पदराची तू लेक. सही गेली तर जाऊ दे. एकही ठिपका पुसू नको.

सगळ्यांची माया तुझ्या पाठीशी.
तुझा दादा


मुंबई, १५ मार्च १९७८

ती. दादास जयभीम.

तुझं पत्र काल, मंगळवारी पोचलं. सोमवारीच मी सतरा ठिपके पुसले. गाठी आठवत होत्या, तरी पुसले. सही मिळाली. सरांनी पेढा दिला. रेघ आता तेलाच्या धारेसारखी उतरते, आणि त्या अणूंचं खरं काय चाललं होतं ते प्रबंधात कुठंच नाही. पदवीशिवाय गावी परत यावं लागेल या भीतीनं हात चालला. दुसरं कारण नाही.

मूळ वही रजिस्टरनं पाठवली आहे. लोभ मागायला तोंड उरलं नाही. मी येईन तेव्हा एस.टी.वर हार घेऊन येऊ नका. आईलाही आधी काही सांगू नको. तिनं सगळ्यांसोबतच ऐकावं. दादा, त्याच ओट्यावर उभा राहा, आणि सुभद्रीनं खरे ठिपके पुसले, हे तुझ्या मोठ्या आवाजात सगळ्यांना सांग.

सुभद्रा