समुद्र उजव्या हाताला

सिएटल,
ता. १ जून २००३

ती. भिमाजी मामा यांस,
प्रगतीचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मामींसमोर वाचू नका. गोठ्यात जाऊन वाचा. म्हशींचं पोट मोठं असतं, गोष्ट तिथून बाहेर जात नाही.

बातमी अशी की इथलं माझं काम ऑगस्टअखेर संपतंय. कंपनीने आमचा अख्खा विभागच बंद करायचं ठरवलंय. वीस ऑक्टोबरचं परतीचं विमान आहे, म्हणजे दिवाळीला घरी. हे सगळं आईला फोनवर सांगून झालंय आणि ती खूश आहे, कारण तिने कोरेगाव भीमाचं एक स्थळ आधीच हेरून ठेवलंय. पण तिला सांगितलेली गोष्ट अर्धीच आहे. उरलेली अर्धी तुमच्यासाठी.

माझं विमान इथून नाही, लॉस एंजेलिसहून सुटतं. तिथल्या अनिता नावाच्या मैत्रिणीने माझी जुनी गाडी विकत घेतली आहे, ती तिला पोहोचवायची आहे. सिएटल वरच्या टोकाला आणि ते शहर पार खाली. मध्ये दोन हजार किलोमीटरच्या वर रस्ता, बराचसा समुद्राच्या कडेकडेने. गाडी मी स्वतः चालवत नेणार आहे. एकटी. हॉटेलं परवडणारी नाहीत, म्हणून सरकारी मैदानांवर तंबू ठोकून राहणार आणि स्टोव्हवर शिजवून खाणार. आईला सांगितलंय की गाडी ट्रकवर चढून जाईल आणि मी विमानाने.

तुम्हालाच का लिहिते? महाडहून एकट्याने घाट चढवून मेंढरं घरी आणल्याची तुमची गोष्ट मी सुट्टीत निदान शंभर वेळा ऐकली आहे. दर वर्षी त्यातला वाघ थोडा थोडा मोठा होत गेला, ते सोडा. पण आपल्या घरात खिशात काही नसताना एकट्याने लांबचा प्रवास केलेलं माणूस म्हणजे तुम्हीच. तेव्हा सल्ला द्या.

मामींना नमस्कार, म्हशींनाही. तुमची माझ्यावर माया आहेच, हे वाचून ती टिकली तर तसं कळवावं.

तुमची (अजून तरी) लाडकी,
प्रगती

*

केडगाव,
ता. १७ जून २००३

चि. प्रगतीस,
भिमाजी मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र गोठ्यातच वाचलं. निम्मं वाचून झालं आन् मी कशावर बसलोय ते बघितलंच न्हाई. धोतर मामीनं दोनदा धुतलं. कारण इचारत हुती, सांगितलं न्हाई.

पयलं म्हंजी तू येडी हायेस. हे तुझ्या आईच्या वतीनं लिवलं. आता माझ्या वतीनं लिवतो, ते नीट वाच.

दिस मावळायच्या दोन तास आधी तळ पडला पायजे. जागा उजेडात बघायची. पाणी कुठं, वारा कुठनं, शेजारी कोण. शेजारी बायापोरं असली तर तळ चांगला. नुसते बाप्ये असले तर पुढं चालायचं. खायाचं आन् पैसं एका पिशवीत ठेवायचं न्हाई. रोज किती चालायचं ते आपण ठरवायचं नसतं, कळपातलं सगळ्यात म्हातारं मेंढरू ठरवतं. तुझी गाडी किती वर्सांची हाय? तिच्या पायानं चाल.

चाक बदलता येतं का? तुझ्या बापानं शिरूर डेपोत एष्टीखाली पडून जलम काढला, पर पोरीच्या हातात कवा पान्हा दिला न्हाई. मला बोलायचं हाय त्याला, पर बोलायला गेलं तर सगळंच बाहेर पडंल.

वाघाचं म्हणशील तर तो मोठाच हुता. मी लांबनं बघितला म्हणून बारका दिसला.

तुझ्या आईला, कस्तुराला, मी आपणहून सांगत न्हाई. पर मला खोटं बोलता येत न्हाई, हे तुला ठाव हाय. ती दोन येळा नुसतं व्हय का रं दादा म्हणली की मी सगळं वकून मोकळा हुतो.

जिवाला जप. मामाची आठवण फकस्त अडचणीत काढू नको, एरवी बी काढत जा.

तुझा,
भिमाजी मामा

*

सिएटल,
ता. ३ जुलै २००३

ती. मामांस, शि. सा. न.

गाडी चौदा वर्षांची आहे. गाड्यांच्या हिशोबात तुमच्या बरोबरीची. चढावर धापा टाकते आणि थांबली की पुन्हा निघायला कुरकुरते, त्यामुळे तुमची आठवण रोज येते.

चाक बदलायला शिकले. शेजारच्या बाईने शिकवलं, पाय देऊन पान्हा फिरवायचा. रोज दोनशे-अडीचशे किलोमीटर, त्याहून जास्त नाही. तळ अकरा ठरवले आहेत, आणि प्रत्येक जागी दिवसाउजेडी पोहोचायचं असं वहीत लाल शाईने लिहिलं आहे. इथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे वरून खाली येताना समुद्र अगदी आपल्या हाताशी राहतो. चुकायला जागाच नाही. समुद्र उजव्या हाताला ठेवायचा आणि जायचं.

एकच विचारायचं राहिलं. संध्याकाळी तळ पडल्यावर, सगळं आवरून झाल्यावर, एकट्याला भीती वाटली तर काय करायचं? तुमच्या गोष्टीत वाघ आहे, घाट आहे, पण ती वेळ कधी येत नाही. तुम्ही काय करायचात?

उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
प्रगती

*

केडगाव,
ता. २० जुलै २००३

चि. प्रगतीस अनेक आशीर्वाद.

घात झाला.

नातवाच्या बारशाला कस्तुरा आली. तुझं पत्र मी गोठ्याच्या कोनाड्यात ठिवलं हुतं, आन् ती हौसेनं धार काढायला गेली. प्रौढ वर्गात वाचाया शिकल्यापास्नं ती एष्टीचं तिकीट बी सोडत न्हाई. मी गेलो तवा म्हशीच्या पाठीला टेकून, बोट धरून वाचत हुती. शेवटच्या वळीपतुर वाचलं. मंग पत्र घडी करून माझ्या हातात दिलं.

रागावली न्हाई. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. येवढंच म्हणली की पोरीनं भीतीचं इचारलंय, तू काय उत्तर देणार? मंग ती पोराला पाळण्यात घालून, चार घास खाऊन, न्हावऱ्यावरनं जाणाऱ्या पाचच्या एष्टीनं शिरूरला निघून गेली.

उत्तर मला देता येत न्हाई, पोरी. ते तीच देईल. ती काय लिवंल ते खरं मान. माझ्यावर राग धरलास तरी चालंल, पर निम्माच धर.

तुझा मामा,
भिमाजी

*

शिरूर,
ता. २८ जुलै २००३

चि. प्रगतीस आईचा आशीर्वाद.

हे माझं पहिलं पत्र आहे. अक्षराला हसू नको. चार दिवस लागले. आबांनी कागद आणून दिले. काय लिहिते ते त्यांना दाखवलं नाही.

महाडहून मेंढरं मी आणली. दादाने नाही.

मी सोळा वर्षांची होते. दादाला टायफॉइड झाला. वडील त्याच्यापाशी महाडच्या दवाखान्यात राहिले. बाकीची माणसं पुढे निघून गेली होती. पाऊस तोंडावर आला होता. कोकणातल्या पावसात मेंढरू जगत नाही. मी म्हणाले मी नेते. वडिलांनी आपलं घोंगडं मला दिलं. बरोबर एक कुत्रा आणि एक घोडी होती. अकरा दिवस लागले.

घरी आल्यावर वडील म्हणाले, पोरगी अकरा दिवस रानात एकटी होती हे कळलं तर लगीन जमायचं नाही. भिमानं आणली असं सांगायचं. दादा तेव्हा काठीसारखा झाला होता, त्याच्या अंगात बोलायचा जोर नव्हता. पुढे जोर आला. मग तो सांगत राहिला. मीही तेच सांगितलं. तुझ्या आबांना परवा सांगितलं. ते उठून बाहेर गेले. मला वाटलं रागावले. तर भजी घेऊन आले.

आता तुझ्या प्रश्नाचं. भीती जात नाही. तिला काम लावायचं. मी मेंढरं मोजायचे. मोजून झाली की परत मोजायचे. मोजता मोजता उजाडायचं. तू काय मोजशील ते तू बघ.

तू जा. पण मला खोटं सांगून जाऊ नको. मी खूप वर्षं खोट्यात राहिले, त्यात दम कोंडतो. कोरेगावच्या लोकांना काय सांगायचं ते मी बघते.

तिळाची चटणी अनिताच्या पत्त्यावर नाही, तुझ्या पत्त्यावर पाठवली आहे. वाटेत खा.

तुझी आई,
कस्तुराबाई

*

सिएटल,
ता. १२ ऑगस्ट २००३

ती. मामांस, सा. न.

वाघ तरी तुमचा होता का?

प्रगती

ता. क. राग निम्माच धरला आहे. उरलेल्या निम्म्याच्या बदल्यात दिवाळीला पुरणपोळ्या तुम्ही लाटायच्या, मामींनी नाही.

*

ऑरेगन, समुद्रकाठचं एक गाव,
ता. १४ सप्टेंबर २००३

ती. आईस,
प्रगतीचा शि. सा. न. वि. वि.

आज निघून सहावा दिवस. खरं तेच सांगायचं ठरलंय, म्हणून सगळं सांगते.

पहिले तीन दिवस मी राणीसारखी आले. उजवीकडे समुद्र, डावीकडे देवदाराचं रान, मध्ये मी आणि आपली म्हातारी गाडी. हा समुद्र कोकणातल्यासारखा नाही. थंडगार, राखाडी, आणि पाण्यात घराएवढाले काळे दगड उभे. दुसऱ्या तळावर तुझ्या तिळाच्या चटणीची पुडी एका चोराने पळवली. मांजराहून थोडा मोठा, तोंडावर काळी पट्टी, त्याला इथे रकून म्हणतात. टेबलावर बसून, दोन्ही हातांनी पुडी उघडून खाल्ली आणि मग तिखट लागलं म्हणून माझ्या पातेल्यातलं पाणी प्यायला. शेजारच्या तंबूतली पोरं हसून हसून लोळली. शेजारी बायापोरं असावीत हे मामांचं, की तुझंच, म्हणणं खरं ठरलं.

चौथ्या दिवशी मात्र चढावर इंजिनातून वाफ निघाली. पाणी वाहणारी रबरी नळी फाटली होती. मोबाईल लागेना. समुद्रावरून धुकं असं चढत आलं की दहा पावलांपलीकडचं दिसेना. आई, मी रडले. गाडीत बसून, दारं लावून, चांगली मोठ्याने रडले. वाटलं, कोणी सांगितला होता हा शहाणपणा. मग मोजायला लागले. किती गाड्या जातात ते. सतराव्या गाडीत एक म्हातारं जोडपं होतं, ते थांबलं. ते म्हणाले गाडी सोडून आमच्याबरोबर चल. माणसं चांगली होती, पण मी गाडी सोडली नाही. पुढच्या गावातून मेकॅनिक पाठवा, एवढंच सांगितलं. दीड तास कोणी आलं नाही. मी एकोणसाठपर्यंत पोहोचले आणि मेकॅनिक आला. बाई होती. हाताला ग्रीस, तोंडात च्युइंगम. मला विचारलं नाही की एकटी का. नळी कुठून फाटली तेवढंच विचारलं.

नवीन नळी यायला दोन दिवस लागले, म्हणून या गावात थांबले. उद्या निघते. अजून निम्म्याहून जास्त रस्ता आहे. एकदा मनात आलं होतं की गाडी इथेच कोणाला तरी देऊन टाकावी आणि बस पकडावी. मग वाटलं, तू घाटात असं म्हणाली असतीस तर मेंढरांचं काय झालं असतं?

आबांना सांग, पुढची नळी मी स्वतः बदलेन. त्या बाईने दाखवलं आहे.

तुझ्या शब्दाची वाट धरून चाललेली,
प्रगती

*

केडगाव,
ता. २९ सप्टेंबर २००३

चि. प्रगतीस,
मामाचे अनेक आशीर्वाद. हे पत्र अनिताबाईंच्या पत्त्यावर धाडतोय. तुझा पोचल्याचा फोन आला ते कळलं. आबा सगळ्या डेपोला चहा पाजून आले.

काल रविवारी कोरेगावची माणसं शिरूरला घर बघायला आली. पितर सरले, नवरात्र बसलं, म्हणून कालचा दिस धरला हुता. पोराचे वडील सोपानराव, त्यांची मंडळी, आन् पोराची आजी सोजरबाई. मला मुद्दाम बोलवून घेतलं. बोलणं गोड चाललं हुतं. मंग सोपानरावांनी इचारलं की मुलगी परत कवा येणार, बरुबर कोण हाय.

कस्तुरा उठली. देव्हाऱ्यापुढनं तुझं पत्र आणलं आन् सगळ्यांच्या म्होरं वाचाया लागली. बोट धरून, एकेक अक्षर. चटणीच्या चोराला सगळी हसली. धुक्यापाशी आली तवा कुणी हसंना. मंडळींनी पदर सावरला. सोपानराव म्हणाले की पोरीला येवढं मोकळं सोडणं आपल्या लोकात बसतं का, तिच्या मामांनी तरी सांगायला पायजे हुतं.

पोरी, तवा माझी जीभ कशी उचलली ते मला ठाव न्हाई. मी म्हणालो की मामाला काय इचारता, मामा दवाखान्यात पडला हुता. मंग सगळं सांगितलं. महाड, टायफॉइड, घाट. मेंढरं माझ्या भैणीनं आणली आन् बत्तीस वर्सं मी मिरवली. शेवटपतुर बोललो.

सोपानरावांनी चहाचा कप खाली ठिवला. सोजरबाई भिंतीला टेकून बसली हुती, तिला कमी ऐकू येतं असं मला वाटलं हुतं. तिचा बी जलम मेंढरामागं गेला. तिनं कस्तुराला येकच इचारलं, किती घेऊन निघालीस आन् किती पोचली?

कस्तुरा म्हणली, बहात्तर निघाली, त्र्याहत्तर पोचली. घाटमाथ्यावर एक मेंढी याली, ते कोकरू मी घोंगड्यात घालून आणलं.

म्हातारी हसली. मंग लेकाला म्हणली, चहा गार हुतोय, पी. जाताना सोपानराव म्हणाले की पोरगी आल्यावर तिलाच एकदा आमच्याकडं यिऊ द्या, तिला पोरगा पसंत पडतोय का बघू. पुढं काय करायचं ते तुझं तू ठरव. आमचा कुणाचा जोर न्हाई.

माणसं गेल्यावर मी कस्तुरापाशी जाऊन बसलो. माफी मागायची हुती, ती जमली न्हाई. तिच्या तोंडाकडं बघत इचारलं, कोकराचं मला कवा बोलली न्हाईस? ती म्हणली, तू कवा इचारलंस? खरं हाय. बत्तीस वर्सं मी ती गोष्ट गावोगाव सांगितली, पर मला ती कवा ठावच नव्हती. वाघ बी मी घातलेला. मंग तिनं पयल्या दिवसापास्नं सांगाया घेतलं. दिवेलागणीपतुर बसलो. चौथ्या तळापतुर आलो आन् माझी शेवटची एष्टी निघायची येळ झाली.

आता तू ये. इमानतळावर आम्ही तिघं येतो. घरी पोचलो की तिच्याकडनं पुढचे सात तळ ऐकू. मी पोळ्या लाटीन, तुम्ही दोघी बोला. माझ्यावरची माया कमी झाली असंल तर हरकत न्हाई, हाय ती संभाळून आण.

तुझा,
भिमाजी मामा