गोडचूक

ती. आक्कास,

साखर नमस्कार वि. वि.

तुझे गुडघे, भावोजींचा खोकला आणि शेजारणीचा तो कुत्रा (की आता तो तुमचाच झालाय?) या तिघांची प्रकृती ठीक असेल अशी आशा आहे. मी बरा आहे. म्हणजे, बरा आहे की नाही हे कळावं म्हणूनच तू मला साखर सोडायला लावलीस, तेव्हा त्याचा सविस्तर वृत्तांत देतो. चष्मा लाव आणि निवांत बस.

फोनवर मी काय सांगितलं होतं ते आठवत असेलच (विसरण्याचं खातं सध्या माझ्याकडे आहे). दुपारच्या चहानंतर मी शब्दकोश बघायला कपाटापाशी गेलो, कोश उघडला आणि कुठला शब्द बघायचा होता तेच विसरलो. तसाच उभ्याउभ्या 'म'ची पानं वाचत राहिलो आणि जागेवर येऊन बसलो. जन्मभर दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका काढून पोट भरणाऱ्या माणसाने शब्दच विसरावा! मला एकदम अण्णा आठवले. त्यांचंही असंच सुरू झालं होतं. खोलीत यायचे, कशाला आलो ते विसरायचे आणि आपण दोघं हसायचो. शेवटी शेवटी त्यांनी तुला, स्वतःच्या मुलीला, "बाई, आपण कुणाकडे आलात?" असं विचारलं, तेव्हा हसू थांबलं. हे मी फोनवर बोललो नाही, पण तुला ऐकू आलं असणार. मग म्हणालीस, "वेड्या, हे अण्णांचं नाही, साखरेचं आहे. ती डोक्याला वर चढवते आणि शिडी काढून घेते. बंद कर." इतक्या ठामपणे म्हणालीस की मला फार बरं वाटलं.

तर बंद केली. हिने घरातली साखर डब्यासकट शेजारी देऊन टाकली (डबा अजून परत आलेला नाही, त्यावरून वेगळं रामायण चालू आहे). ऑफिसच्या खणातली क्रीमची बिस्किटं मी ऑपरेटरबाईंच्या हवाली केली. त्या आमची पानं संगणकावर जुळवतात, आणि त्या दिवसापासून माझ्यासमोर बसून, माझीच बिस्किटं, क्रीम आधी आणि बिस्किट नंतर अशी सुटी करून खातात. पहिले काही दिवस डोकं असं ठणकत होतं की विचारू नकोस. स्वभाव तर पार बिघडला. तपासायला हातात एका निवृत्त हेडमास्तरांचं आत्मचरित्र होतं. त्यात ते पानापानावर कुठला ना कुठला पदभार स्वीकारतात. एका ठिकाणी माझा तोल सुटला आणि मी समासात लाल शाईने 'बरं मग?' असं लिहिलं. ऑपरेटरबाई पडल्या आज्ञाधारक. लाल शाईतलं सगळं आत घालायचं, एवढंच त्यांना ठाऊक. पुढच्या मुद्रितात हेडमास्तरांनी शाळेचा पदभार स्वीकारला आणि लगेच 'बरं मग?'

तेही निभावलं असतं. पण अर्पणपत्रिकेत 'माझ्या गुरुजनांना सादर अर्पण' असं होतं, त्याचं 'साखर अर्पण' झालं. आणि तिसऱ्या प्रकरणात, शिक्षण अर्धवट टाकून लग्न केलं तेव्हा सगळे त्याला घोडचूक म्हणाले, असं हेडमास्तरांनी लिहिलं होतं. तिथे छापून आलं 'गोडचूक'. हीच मुद्रितं शेवटची म्हणून त्यांच्या घरी गेली.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तर स्वतः आले. आमचे मालक (माणूस चांगला, पण लेखक दिसला की टेबलाखाली काहीतरी पडल्यासारखं करतो) खाली वाकले ते वर येईनात. हेडमास्तरांनी 'बरं मग?' वर बोट ठेवून मला वर्गाबाहेर काढल्यासारखं बघितलं. 'साखर'वर काट मारली. आणि तिसऱ्या प्रकरणाशी येऊन म्हणाले, "हा शब्द मात्र राहू द्या. बायकोने वाचला आणि बऱ्याच वर्षांनी माझ्याकडे बघून हसली." मग खुर्चीवर बसून त्यांनी माझ्या वाटचा चहा प्यायला, साखर घालून. ऑफिसात मी त्या दिवशी हीरो. मालक वर आले आणि म्हणाले, अशी एखादी चूक दर पुस्तकात टाकत जा.

सगळे हसत होते, आक्का, आणि मी खणातून आधीची मुद्रितं काढून बघत होतो. 'बरं मग?' मी लिहिलं, हे मला नीट आठवतं. मजा आली होती लिहिताना. पण 'साखर' आणि 'गोडचूक' मी केव्हा केलं? मूळ मजकूर बरोबर होता. मीच तो खोडून चुकीचा केला होता. लाल शाई माझी, अक्षर माझं, आणि आठवण काही म्हणजे काही नाही.

साखरेची बाजू मांडायची तर तुझंच खरं निघालं. दुपारची ती गुंगी गेली. पूर्वी चहानंतर एकच ओळ तीन वेळा वाचायचो, आता पानं सरळ पुढे सरकतात, मान खाली पडत नाही, संध्याकाळी डोकं धुतल्यासारखं असतं. पण त्या स्वच्छ डोक्याने मला एवढंच स्वच्छ दिसतं, की परवा मी पुन्हा कपाटापाशी उभा होतो. कोश हातात आणि शब्द नाही. पोटात साखरेचा कणही नव्हता. साखर होती तोवर आळ घ्यायला कुणीतरी होतं गं. आता ती बिचारी सुटली आणि मी एकटाच उरलोय.

असो. फार लांबलं. भावोजींना नमस्कार, कुत्र्याला बिस्किट. लोभ आहेच, तेवढा एकच गोड जिन्नस मला अजून चालतो.

तुझा बिनसाखरेचा धाकटा

ता. क. मेंदूच्या डॉक्टरांकडे येत्या मंगळवारी सकाळची वेळ घेतली आहे. तू ये. हिला नेलं असतं, पण ही आधी रडेल आणि मग ऐकेल. शिवाय अण्णांचं सुरुवातीला काय काय झालं ते डॉक्टर विचारणार, आणि ते बघितलेलं आता आपण दोघंच. माझ्यावर किती विसंबायचं, हाच तर प्रश्न आहे.

आणखी एक ता. क. तुझ्या पर्समध्ये लिमलेटच्या गोळ्या असतात हे मला ठाऊक आहे. मला उपदेश करताना फोनवर कडकड ऐकू येत होती. येताना आण. माझ्यासाठी नकोत, बाहेरच्या बाकावर बसशील तेव्हा तुला लागतील.

शेवटचा ता. क. वर 'साखर नमस्कार' लिहिलंय ते मुद्दाम, तुला हसवायला. ती चूक धरू नकोस. दुसरी कुठे सापडली, तर तिच्याखाली पेन्सिलीने रेघ ओढ आणि पत्र बरोबर आण, डॉक्टरांना दाखवू. एकही सापडली नाही, तरी ये.